टायर टिकतो, पण कशापुढे?

चार जणांना विचारा की खडी, चिखल आणि दगडधोंडे तुडवायला टिकाऊ टायर कोणता. एक जण एटी, म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारा टायर घ्यायला सांगेल. दुसरा म्हणेल, एमटीशिवाय, म्हणजे चिखलासाठीच्या टायरशिवाय पर्याय नाही. तिसरा विचारेल, "टेन प्लाय आहे का?" चौथ्याच्या मते गाडीसोबत आलेले टायरच उत्तम, बाकी सगळी हौस. गंमत म्हणजे यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर टायरचा वेगळा शत्रू असतो, एवढंच. एकाने चिखलात रुतून बसलेली गाडी पाहिलेली असते, दुसऱ्याने दगडाने चिरलेला टायर, तिसऱ्याने वर्षभरात गुळगुळीत झालेला.

म्हणून कुठला टायर घ्यायचा हे ठरवण्याआधी टायर मरतो कसा, ते पाहू.

टायर चार तऱ्हांनी जातो

पहिली तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची: झिजून. डांबरी रस्त्यावर चालणारे बरेचसे टायर असेच संपतात. रस्ता रोज थोडंथोडं रबर खरवडतो, खाचा उथळ होतात, आणि खोली १.६ मिलिमीटरवर आली की अनेक देशांच्या कायद्यानुसार तो टायर बाद होतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे कापला जाऊन. त्याला दगडाची धार पुरते, नाहीतर तुटक्या फांदीचं टोक. तिसरी, तापून: आतली उष्णता वाढत जाते, थर एकमेकांपासून सुटतात आणि एके क्षणी टायर फुटतो किंवा सोलला जातो. चौथी, वयाने: रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात.

कच्च्या वाटेवर जाणाऱ्या गाडीचा टायर पुष्कळदा पहिल्या तऱ्हेपर्यंत पोचतच नाही. नक्षी निम्मी शिल्लक असताना बाजू फाटते आणि टायर भंगारात जातो. तरीही टायर घेताना आपण विचारतो काय, तर "किती किलोमीटर चालेल?" हा प्रश्न डांबरी रस्त्याचा.

अडचण अशी की एका तऱ्हेपासून टायर वाचवायला जे करावं, ते बहुतेक वेळा दुसरीला आमंत्रण देतं. रबर कडक केलं तर ते कमी झिजतं, पण दगडावर त्याचे टवके उडतात. थर वाढवले तर कापला जाण्याची भीती कमी होते, पण जाड टायर जास्त तापतो. सगळ्याच बाबतींत सर्वात टिकाऊ असा टायर कुठल्याच कारखान्यात बनत नाही. आपली गाडी ज्या जमिनीवर असते तिथे टायर कशाने जाईल, हे आधी ओळखायचं. मग उरलेल्या तीन बाबतींत किती सोसायची तयारी आहे, ते पाहायचं.

वरून चिलखत, बाजूने उघडा

टायर बाहेरून नुसतं काळं रबर दिसतो, पण हवेचा दाब पेलण्याचं काम रबर करत नाही. ते आतल्या दोऱ्यांचं काम. मोटारीच्या टायरमध्ये हे दोरे बहुधा पॉलिएस्टरचे असतात. रबराने माखलेल्या या दोऱ्यांच्या एका थराला प्लाय म्हणतात. थराच्या दोन्ही कडा पोलादी तारांच्या कड्याभोवती गुंडाळलेल्या असतात. हे कडं रिमला घट्ट धरून बसतं, त्याचं नाव बीड. जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, ते बेल्ट. त्यावर नक्षीचं रबर. आणि नक्षीपासून रिमपर्यंतचा जो उभा भाग बाहेरून दिसतो, ती साइडवॉल.

आजचे बहुतेक टायर रेडियल असतात. मिशेलिन कंपनीने या रचनेचं पेटंट १९४६ साली घेतलं आणि १९४९ मध्ये असा टायर बाजारात आणला. त्याआधीच्या टायरमध्ये दोरे तिरपे, एकमेकांना छेद देत जायचे, आणि तेच थर वरही असायचे, बाजूलाही. रेडियलमध्ये दोरे एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत सरळ जातात. बाजू लवचीक राहते, वरचा भाग बेल्टमुळे ताठ राहतो. टायर कमी तापतो, जास्त चालतो, गाडी रस्ता धरून ठेवते. पण या फायद्याचा मोबदला बाजूने मोजला: पोलाद सगळं वर गेलं, आणि बाजूला उरले बहुधा एक किंवा दोन प्लाय आणि काही मिलिमीटर रबर.

डांबरी रस्त्यावर याने काही बिघडत नाही, कारण तिथे टायरच्या बाजूला स्पर्श करणारं काही नसतंच. चाकोरी खोल असलेल्या किंवा खडकाळ वाटेवर मात्र टायरची बाजू सतत घासत असते. दगड टायरखाली येण्याऐवजी त्याच्या कुशीत घुसतो.

दुरुस्तीतही हाच भेदभाव. नक्षीच्या मधल्या भागात साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं छिद्र असेल तर टायर रिमवरून उतरवून, आतून पॅच आणि प्लग बसवून ते कायमचं दुरुस्त करता येतं. साइडवॉलचे दोरे तुटले की तिथे पॅच भरवशाचा राहत नाही, कारण तो भाग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि सरळ होतो. बाहेरून प्लग ठोसून हळूहळू वस्तीपर्यंत येता येतं. पुढे तो टायर बदलायचाच.

आणखी एक चोरटा प्रकार असतो. वेगात दगडावर आदळल्याने टायर रिम आणि दगड यांच्यात चिमटला जातो, आतले दोरे तुटतात, पण रबर शाबूत राहतं. काही दिवसांनी बाजूला फुगा येतो. आतला आधार गेला आहे आणि तेवढ्या जागी हवा फक्त रबराने अडवलेली आहे, असा त्याचा अर्थ. फुगा आलेल्या टायरवर 'बघू थोडे दिवस' चालत नाही.

म्हणून कच्च्या वाटेसाठी टायर पाहताना माझी नजर नक्षीआधी साइडवॉलवर जाते. तिथे बारीक अक्षरांत आतले थर लिहिलेले असतात: ट्रेड भागात पॉलिएस्टर २, स्टील २, नायलॉन १, साइडवॉलमध्ये पॉलिएस्टर २. इथे ट्रेड म्हणजे नक्षीचा भाग. शेवटचा, साइडवॉलचा आकडा आपल्या कामाचा. तो ३ असेल तर टायर खडकासाठी बांधलेला आहे असं समजायला हरकत नाही. नक्षीचे ठोकळे खांद्यावरून थोडे बाजूवर उतरलेले असतील तर तेही उपयोगी. पहिला ओरखडा त्यांच्यावर जातो.

टेन प्लाय म्हणजे दहा थर नव्हेत

टायरचे दोरे सुती असण्याच्या काळात जास्त ओझ्यासाठी खरोखरच जास्त थर द्यावे लागत. नायलॉन, पॉलिएस्टर आणि पोलाद आल्यावर तेवढंच काम दोन-तीन थरांत होऊ लागलं, पण बोलण्यातला आकडा राहिला. आता '१० प्लाय' हे ताकदीचं मोजमाप आहे: पूर्वीच्या दहा सुती थरांइतकं पेलणारा. अशा टायरवर लोड रेंज ई असं लिहिलेलं असतं. सी म्हणजे ६, डी म्हणजे ८, ई म्हणजे १०. ई वर्गाच्या नेहमीच्या मापांत जास्तीत जास्त ८० पीएसआय हवा भरता येते, सी मध्ये ५०. पीएसआय म्हणजे पंपावर हवा मोजतात ते एकक.

ही अक्षरं मुख्यतः एलटी वर्गात दिसतात. हलक्या मालवाहू गाड्यांसाठी, अधिक भक्कम बांधलेल्या टायरचा हा वर्ग. मापाच्या आधी किंवा नंतर तशी अक्षरं असतात.

मग सगळ्यात जाड टायरच का घेऊ नये?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बऱ्याच विक्रेत्यांकडून मिळत नाही.

जाड टायर जड असतो. चाकाचं वजन वाढलं की ते फिरवायला इंजिनाला, थांबवायला ब्रेकला आणि खड्ड्यातून वरखाली करायला सस्पेन्शनला जास्त कष्ट पडतात. इंधन जास्त लागतं. दुसरं म्हणजे, एलटी टायरला तेवढंच ओझं पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. गाडीच्या दारावर चिकटवलेला हवेचा आकडा मूळ टायरसाठी असतो. एलटी बसवून तोच आकडा पाळला, तर गाडीच्या वजनाच्या मानाने हवा कमी पडू शकते. टायर बदलताना टायर बनवणाऱ्याचा वजन आणि दाबाचा तक्ता पाहावाच लागतो.

तिसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो मला. हलक्या गाडीखाली फार ताठ टायर लावला तर तो दगडाभोवती वळत नाही, दगडावरून उडतो. पकड कमी होते, चाक फिरत राहतं, आणि जागेवर फिरणाऱ्या चाकाइतकं टायरला कापणारं दुसरं काही नाही. सामानाने भरलेली, टपावर तंबू बांधलेली जड गाडी असेल तर लोड रेंज ई शोभते. दोन माणसं आणि दोन पिशव्या घेऊन फिरणाऱ्या मध्यम एसयूव्हीला सी पुरते, कधीकधी तीही जास्त होते.

एचटी, एटी, आरटी, एमटी

नक्षीवरून पडलेली ही नावं. एचटी म्हणजे मुख्यतः डांबरी रस्त्यासाठी. खाचा बारीक, ठोकळे जवळजवळ. एमटी म्हणजे चिखलासाठी. मोठे, सुटे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा, जेणेकरून चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जावा. एटी दोन्हींच्या मधला. एटी आणि एमटी यांच्यामध्ये अलीकडे आरटी नावाचा आणखी एक प्रकार आला आहे.

ही अक्षरं म्हणजे कुठलीही परीक्षा पास झाल्याचा दाखला नव्हे. एका कंपनीचा एटी दुसऱ्या कंपनीच्या एचटीइतका सौम्य असू शकतो. बाजूवरचं एम+एस हे चिन्हसुद्धा, चिखल आणि बर्फ असा त्याचा अर्थ असला तरी, कंपनी नक्षीच्या रचनेवरून स्वतःच छापते. तीन शिखरं आणि हिमकण असलेलं चिन्ह मात्र बर्फावरची ठरावीक चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. पण तेही बर्फापुरतंच बोलतं, दगडाबद्दल गप्प असतं.

एमटीची खोल नक्षी जास्त दिवस पुरणार नाही का?

वाटतं खरं तसं. एचटीची नवी नक्षी साधारण ८ ते १० मिलिमीटर खोल असते, एटीची १० ते १३, एमटीची १४ ते १६. म्हणजे झिजायला दीडपट रबर. तरीही डांबरी रस्त्यावर एमटी बहुतेक वेळा आधी संपतो.

कारण असं की एमटीचा बराचसा पृष्ठभाग मोकळा असतो. गाडीचं सगळं वजन थोड्याच ठोकळ्यांवर येतं. ते उंच असल्याने प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला बुडाशी वाकतात, घसपटतात आणि कडांनी झिजतात. पुढे ही झीज असमान होते आणि गाडी घोंघावू लागते. ओल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक मारल्यावर थांबायचं अंतरही वाढतं, कारण पाणी कापून रस्त्याला टेकायला पुरेसं रबर आणि पुरेशा बारीक चिरा नसतात. टिकाऊपणाच्या नादात ही बाब विसरली जाते. आठवड्यातले सहा दिवस ओल्या महामार्गावर आणि एक दिवस चिखलात जाणाऱ्याने एमटी घेणं मला पटत नाही, दिसायला तो कितीही रांगडा असो.

खडकावर मात्र एमटीला कामाचं असं काहीतरी असतं, आणि ते नक्षीत नसून खाली असतं: भक्कम साइडवॉल. तीन प्लायची साइडवॉल एटीतही मिळू लागल्यापासून एमटीची गरज खऱ्या चिखलापुरती उरली आहे.

रबर: कमी झिजणारं आणि न फाटणारं

टायरचं रबर म्हणजे एक पदार्थ नसून मिश्रण असतं. त्यात नैसर्गिक रबर, कृत्रिम रबर, काजळीसारखा बारीक कार्बन ब्लॅक, सिलिका, गंधक आणि इतर रसायनं येतात. नैसर्गिक रबर फाटायला चिवट असतं आणि वाकताना कमी तापतं. म्हणूनच विमानांच्या, अवजड ट्रकच्या आणि खाणीतल्या यंत्रांच्या टायरमध्ये त्याचं प्रमाण मोठं असतं.

धारदार खडीवर गाडी चालवल्यावर ठोकळ्यांच्या कडा कुरतडल्यागत दिसतात, लहान लहान टवके निघालेले असतात. डांबरी रस्त्यावर लाखभर किलोमीटर जाण्यासाठी केलेलं मिश्रण इथे बऱ्याचदा हार खातं. टायरच्या माहितीपत्रकात 'टवके आणि काप यांना रोधक' अशा अर्थाचं काही लिहिलं आहे का, ते पाहावं. नसेल तर त्याच टायरचे खडीवर चाललेले नमुने प्रत्यक्ष पाहावेत. कडा पाहिल्या की लगेच समजतं.

इथे एक आकडा फसवतो. काही टायरवर ट्रेडवेअर ४००, ५००, ६०० असं छापलेलं असतं. अमेरिकेच्या नियमांतून आलेली ही पद्धत: प्रमाण मानलेल्या टायरला १००, आणि त्याच्या तुलनेत इतर टायर किती सावकाश झिजतो ते या आकड्यावरून कळतं. त्यासाठी पश्चिम टेक्सासमधल्या सार्वजनिक रस्त्यांवर गाड्यांचे ताफे सुमारे ११,६०० किलोमीटर चालवतात आणि झीज मोजून अंदाज बांधतात. म्हणजे सगळा मामला पक्क्या रस्त्याचा. शिवाय खोल नक्षीचे आणि एलटी वर्गातले टायर या नियमातून वगळलेले आहेत. त्यामुळे ६०० वाला टायर दगडावर टिकेल असं नाही, आणि एमटीवर आकडाच नसेल तर त्यात काही काळंबेरं नाही.

हवा: ज्यावर टायरचं आयुष्य ठरतं

टायर कोणता घेतला यापेक्षा त्यात हवा किती ठेवली यावर त्याचं जगणं-मरणं जास्त अवलंबून असतं, असं माझं ठाम मत आहे.

ढोबळ हिशोब करू. एका चाकावर ५०० किलो वजन आणि हवा ३५ पीएसआय असेल, तर जमिनीला टेकलेला तुकडा साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा होतो. हवा १८ वर आणली तर तो जवळपास दुप्पट, ४०० च्या घरात जातो. साइडवॉलचा ताठपणा मध्ये येत असल्याने प्रत्यक्षात थोडा कमी, पण दिशा हीच. हा तुकडा रुंदीपेक्षा लांबीने जास्त वाढतो. वाळूत म्हणूनच गाडी रुतायची थांबते. खडकावर आणखी एक फायदा: कडक फुगलेल्या टायरवर दगडाची सगळी धार एका बिंदूवर येते, ताणलेलं रबर चटकन कापलं जातं. थोडा सैल टायर दगडाला कवेत घेतो, वजन पसरतं.

पण हवा कमी केली की बाजू बाहेर फुगते, आणि जी आधीच नाजूक तीच दगडांपुढे येते. रिम जमिनीच्या जवळ येते, चिमटा बसायची भीती वाढते. त्यामुळे कमी हवा आणि कमी वेग ही जोडी तोडायची नाही.

ज्या मध्यम एसयूव्हीला एरवी ३३ ते ३५ पीएसआय लागते तिच्यासाठी सुरुवातीचे आकडे असे धरता येतील. लांबच्या खडीच्या रस्त्यावर २६ च्या आसपास आणि वेगाला लगाम. खडकाळ चढावर २० च्या आसपास, वेग माणूस चालतो तेवढा. मऊ वाळूत १५ ते १८. त्याखाली जायचं तर बीड रिमवरून निसटण्याची शक्यता धरूनच जायचं, विशेषतः स्टिअरिंग झटक्यात वळवताना. बीड रिमला बोल्टने आवळणारी बीडलॉक चाकं असतात ती याचसाठी. गाडी जड असेल तर हे सगळे आकडे थोडे वर सरकवावे लागतात.

आणि पक्का रस्ता लागला की हवा पुन्हा भरायची. गाडीत छोटा कंप्रेसर नसेल तर हवा काढण्याचा विचारही करू नये. याचं कारण तिसऱ्या तऱ्हेत आहे.

लोखंडी तार हातात धरून पुढेमागे वाकवत राहिलं तर ती वाकण्याच्या जागी गरम होते आणि मग तुटते. टायरची साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात एकदा तशीच वाकते. ताशी ८० किलोमीटरला मध्यम एसयूव्हीचं चाक सेकंदाला नऊ-दहा फेरे घेतं. हवा कमी असेल तर प्रत्येक वाकणं खोल, उष्णता जास्त, आणि रबर ती लवकर बाहेर सोडत नाही. आत बेल्टच्या कडेला, जिथे पोलाद आणि रबर एकमेकांना चिकटवलेले असतात, तिथून सुटायला सुरुवात होते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोररवर होते. त्यांचे बेल्ट सुटून नक्षी सोलली जायची आणि वेगातली उंच गाडी उलटायची. सरकारी यंत्रणेकडे २५० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली. बिघाडाचं प्रमाण उष्ण हवेच्या राज्यांत जास्त होतं. टायरच्या घडणीतले दोष तपासात पुढे आलेच, पण फोर्डने सुचवलेला २६ पीएसआयचा दाब त्या गाडीला कमी होता का, यावरून दोन्ही कंपन्यांत उघड भांडण जुंपलं. पुढे कायदा झाला, आणि २००८ च्या मॉडेलपासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. आज डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, त्यामागे हे प्रकरण आहे. लक्षात घ्या, हे टायर एसयूव्हीचे, कंपनीने ऑल-टेरेन म्हणून विकलेले होते. दिसायला दणकट असल्याने उष्णता कमी होत नाही.

महामार्गावर हवा पुरेशी आहे की नाही हे तपासायची जुनी युक्ती अशी: गार टायरचा दाब मोजायचा, तासभर चालवून पुन्हा मोजायचा. एलटी टायरमध्ये फरक ६ पीएसआयहून जास्त आला, साध्यात ४ हून जास्त, तर सुरुवातीला हवा कमी होती. दाब वाढलेला दिसला म्हणून गरम टायरमधली हवा सोडायची मात्र नाही. गार झाल्यावर तो आणखी कमी पडेल.

एक माप मोठा घेतला तर?

२६५/६५ आर १७ ११२ टी हे माप घेऊ. रुंदी २६५ मिलिमीटर. साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १७२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १७ इंचांची रिम. ११२ हा भार निर्देशांक, तक्त्यानुसार एका टायरला १,१२० किलो. टी म्हणजे कमाल वेग ताशी १९० किलोमीटर.

याच रुंदीत ६५ च्या जागी ७० घेतलं तर टायरचा व्यास ७७६ वरून ८०३ मिलिमीटर होतो. गाडी उंचावते ती त्याच्या निम्मी, १३ मिलिमीटर, अंगठ्याच्या रुंदीहूनही कमी. आणि स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०३ हून जास्त वेगाने धावत असते. शिवाय चाक पूर्ण वळवल्यावर ते चाकाच्या खोबणीला घासत नाही ना, ते बघावं लागतं.

मला विचाराल तर व्यास वाढवण्यापेक्षा रिम लहान ठेवण्यात जास्त फायदा. आजकाल मोठ्या गाड्या २० इंची रिमवर येतात. २६५/५० आर २० चा व्यास जवळपास तेवढाच, ७७३ मिलिमीटर, पण साइडवॉल फक्त १३२ ची. दगड आणि रिम यांच्यामधली ४ सेंटिमीटरची गादी गेली. हवा कमी करायलाही वाव उरत नाही. त्याच गाडीचं १७ किंवा १८ इंची रिमचं मॉडेल असेल आणि ब्रेक आत मावत असतील, तर कच्च्या वाटेसाठी ते घ्यावं. भार निर्देशांक मूळ आकड्याखाली कधीच जाऊ द्यायचा नाही.

नवा टायर खरंच नवा आहे ना?

साइडवॉलवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कधी ते फक्त एका बाजूला असतात, त्यामुळे टायर बसवण्याआधीच पाहून घ्यावेत. साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनी, नक्षी कितीही उरली असली तरी, निवृत्ती, असं अनेक कंपन्या सांगतात. वापरात नसलेला टायरही म्हातारा होतो. रबरातलं मेण आणि ओझोनरोधक रसायन टायर वाकल्यामुळे पृष्ठभागावर येत राहतं; उभ्या गाडीत ते येत नाही. टायरवर येणारी तपकिरी झाक ही त्याचीच, तिला घासून चकाकवण्याची गरज नाही.

गाडीसोबत आलेले टायर चालणार नाहीत का?

बऱ्याच जणांना चालतील. कच्ची वाट म्हणजे मुरुमाचा रस्ता, शेताची पायवाट, पावसाळ्यातला एखादा ओढा एवढंच असेल, तर चांगल्या एचटीत हवा थोडी कमी करून आणि वेग आवरून सगळं जमतं.

धारदार खडीवर किंवा खडकाळ वाटेवर वारंवार जायचं असेल, तर तुमचा शत्रू काप. तीन प्लाय साइडवॉलचा एटी, एलटी सी किंवा वजनानुसार ई, १७ इंची रिम. चिकट चिखलाच्या प्रदेशात राहत असाल तर एमटी, आणि पक्क्या रस्त्यावरचा आवाज, ब्रेकचं अंतर, लवकर झिजणं हे मान्य करून. उष्ण हवेत, भरलेली गाडी घेऊन लांबवर पळायचं असेल तर शत्रू उष्णता. तिथे भार निर्देशांक आणि हवेचा दाब नक्षीपेक्षा आधी पाहायचा. वाळूत नक्षी दुय्यम असते, उलट टोकदार ठोकळे खड्डा खणतात. वर्षातून दोनदाच बाहेर निघणाऱ्या गाडीचा शत्रू वय.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारखे झिजलेले हवेत. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत व्यासात फरक पडला तर गिअरपेटीपुढची यंत्रणा सतत ओढाताण सहन करते आणि लवकर खराब होते. म्हणून दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायर जागा बदलून घेतात. स्टेपनी त्याच मापाची असेल तर तिलाही या फेऱ्यात घ्यावं, पाचही एकसारखे झिजतात. आणि दर महिन्याला तिची हवा मोजावी. नाहीतर गरज पडते तेव्हा ती निम्मी उतरलेली असते.